डास घालवले तरी परत येतात? आधी पाण्याची पाळी मोजा

लिक्विड लावलं, कॉइल लावली, दिवेलागणीला दारं-खिडक्या लावून घेतल्या, कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करून झाला. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आहेच. सोलापुरात हे रडगाणं घरोघरी आहे. आमच्याकडे तीन वर्षं होतं. ते कशानं आटोक्यात आलं आणि आटोक्यात आल्यावरही दोनदा का उलटलं, ते सगळं लिहिते. आमचं घर पूर्व भागात. खाली दोन खोल्या, वर एक, नळाला पाणी चार दिवसांनी. तुमच्याकडे पाळी तीन दिवसांची असेल नाहीतर पाच, हिशेब तोच.

चावतात कधी?

औषध आणायला जाण्याआधी एवढं बघा. सकाळी मुलं बुटांचे मोजे चढवत असताना, दुपारी आपण भाजी निवडत बसलेलो असताना किंवा ऊन उतरल्यावर जो घोट्याला, पोटरीला चावतो, फारसा गुणगुणत नाही, आणि मारला तर काळ्या पायांवर पांढरे पट्टे दिसतात, तो एडिस. डेंगी आणि चिकनगुनिया हाच पसरवतो. याला साठवलेलं, स्वच्छ दिसणारं पाणी लागतं. हा लांब उडणारा नव्हे. बहुतेक वेळा शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा सगळा संसार आटोपतो. त्यामुळे दिवसा डास चावला की गटारीकडे बोट दाखवायचं आणि मोकळं व्हायचं, ही आपली सवय चुकीची आहे. तो आपल्या नाहीतर शेजारच्या पाण्यातला आहे.

दिवा मालवल्यावर कानाशी येऊन भुणभुण करणारा तपकिरी डास बहुधा क्युलेक्स. त्याला घाण पाणी आवडतं, म्हणजे गटार, सेप्टिक टँक, तुंबलेली मोरी. हत्तीरोग पसरवणारा हा. तिसरा अ‍ॅनॉफिलीस, मलेरियावाला. भिंतीवर बसताना मागची बाजू वर उचलून तिरका बसतो. शहरात तो विहिरी आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांमध्ये वाढतो. (मलेरियाचा परजीवी डासाच्या पोटात पहिल्यांदा सापडला तो आपल्यापासून रात्रभराच्या रेल्वेवर, सिकंदराबादला. २० ऑगस्ट १८९७, डॉक्टर रोनाल्ड रॉस. तेव्हापासून एवढी वर्षं झाली आणि आपण अजून टाकीला झाकण लावत नाही.)

एक सोपी युक्ती. दोन दिवस रॅकेट घेऊन घरात फिरा, पण मारण्यापेक्षा मोजण्यासाठी. कुठल्या वेळी, कुठल्या कोपऱ्यात जास्त तडतडतं ते लक्षात ठेवा. आमच्याकडे सकाळी आठला पलंगाखाली आणि दाराआडच्या खुंटीवर टांगलेल्या कपड्यांमागे सगळ्यात जास्त निघाले. एडिसला अंधारी, गार जागा लागते, त्यामुळे तिथंच तो दिवसभर दबून बसतो. (गॅस चालू असताना ओट्याजवळ रॅकेट फिरवू नका. ठिणगी पडते.)

अडीअडचणीचं टिपाड

आता मुख्य मुद्दा. मागच्या वर्षी श्रावणात मुलाला ताप आला, तपासणीत डेंगी निघाला. चार दिवसांनी घर तपासायला आरोग्य विभागाच्या एक ताई आल्या. हातात बॅटरी. मला वाटलं, माझं घर चकाचक, इथं काय सापडणार. पिण्याचे हंडे-कळशा रोज घासते, न्हाणीतलं पिंप चार दिवसांत रिकामं होतंच. ताईंनी ते बघितलंच नाही. सरळ मागच्या बोळात गेल्या.

"हे टिपाड कुणाचं ओ?"

"आमचंच. पाणी नाही आलं तर असू दे म्हणून भरून ठेवलंय."

त्यांनी झाकण बाजूला केलं आणि बॅटरी मारली. मला काहीच दिसेना. "थांबा," म्हणाल्या, "उजेड पडला की तळाला जातेत." मिनिटभर आम्ही दोघी टिपाडावर वाकून उभ्या राहिलो. मग डासाच्या अळ्या एकेक करत वर यायला लागल्या. डोकं खाली, शेपूट पाण्याच्या वरच्या थराला टेकवलेलं, वळवळ चालू. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे काही बारके जीव होते, ते कोष. कोष झाला की साधारण दोन दिवसांत डास उडतो. आणि त्याच टिपाडातलं पाणी मी अधूनमधून अंगणात सडा टाकायला घेत होते.

आपल्या गावात प्रत्येक घरात असं एक टिपाड असतं. वापरायचं नसतं, नुसतं असावं लागतं. पाळी चुकली, पाइपलाइन फुटली, मोटार जळाली, अशा दिवसांसाठी. पाणी आलं की आपण त्यात वरून तांब्या-दोन तांब्या टाकून काठोकाठ करतो आणि पुन्हा विसरतो. डासाला याहून चांगलं घर बांधून मिळणार नाही.

त्यामागचं गणित ताईंनी समजावलं. एडिसची मादी अंडी पाण्यावर सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. बारीक, काळी, मिरपूड उडाल्यासारखी. ती तिथं कोरडीही राहतात, महिनोन् महिने तग धरतात. पाणी वर चढून भिजली की फुटतात. म्हणजे चौथ्या दिवशी नळ येतो, आपण भांडं भरतो, पातळी चढते, आणि आपणच अंडी उबवायला लावतो. पुढं आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. दोन पाळ्या म्हणजे आठ दिवस.

तेव्हा नियम इतकाच धरलाय: कुठलंही भांडं न घासता एक पाळी गेली तर चालेल, दोन नाही.

आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं सरकारी पत्रकात असतं. तो सल्ला बरोबरच आहे, पण रविवार ठरवला आणि पाणी बुधवारी येणार असेल तर रविवारी टिपाड ओतायला कुणाचा हात होणार? सासूबाई म्हणतातच, "सांडू नको गं, उद्या आलं नाही तर?" म्हणून आम्ही कोरडा दिवस पाळीला बांधलाय. पाणी येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी मागच्या टिपाडातलं पाणी चादरी-गोधड्या भिजवायला, फरशीला, झाडांना संपवायचं. अळ्या असलेलं पाणी गटारीत ओतायचं नाही, तिथंही जगतात. तापलेल्या जमिनीवर किंवा मातीत टाकायचं. मग टिपाड आडवं करून काथ्यानं घासायचं. कडेचा वरचा वीतभर भाग जोर लावून, कारण अंडी तिथंच. नुसतं पाणी ओतून दिलं आणि भांडं घासलं नाही, तर पुन्हा भरल्यावर पहिले पाढे पंचावन्न. सगळी भांडी एकाच दिवशी रिकामी करू नका. या पाळीला टिपाड, पुढच्या पाळीला पिंप, अशी अदलाबदल केली की घरात पाणीही राहतं.

झाकणाचं म्हणाल, तर पत्र्याचं किंवा फळीचं झाकण कडेला बोटभर उघडं राहतंच. त्याऐवजी जुन्या सुती साडीची दुहेरी घडी किंवा मांजरपाट ताणून बांधा. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून घट्ट बसवा, दोरीसारखी ती सुटत नाही. कापड मधे झोळीसारखं लोंबायला नको. लोंबलं की पावसाचं पाणी साचतं आणि तोच नवा हौद होतो. आमच्या शेजारणीनं टॉवेल कारखान्यातला सेकंडचा जाड टॉवेल टाकला होता, तो पाण्याला टेकून कायम ओला. टॉवेलच्या कडेलाच अंडी.

हौद किंवा जमिनीखालची टाकी दर पाळीला रिकामी होत नाही, हे मान्य. तिथं गप्पी मासे सोडा. आरोग्य विभागाच्या हिवताप शाखेत विचारा, बहुतेक ठिकाणी फुकट देतात. पिल्लंच घालतात, त्यामुळे पाच-दहा आणले तरी पुढं वाढत जातात. दोन गोष्टी मी चुकून शिकले. हौद घासायचा असेल तेव्हा मासे आधी बादलीत काढून ठेवायचे. आणि नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन जास्त असेल तर मरतात, म्हणून थोडं जुनं पाणी तळाला राहू द्यायचं. तळ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात उगाच नेऊन सोडू नका, तिथल्या माशांच्या मुळावर येतात. हौदात टाकायचं टेमिफॉस, म्हणजे अळ्या मारायचं औषध, कर्मचारीच मोजून टाकतात, ते आपण मागून घेऊन अंदाजानं ओतू नये. आणि ते कोषांवर चालत नाही, कारण कोष काही खातच नाही. म्हणून औषध टाकल्यावर दोन दिवस डास दिसले तर औषध खोटं म्हणून बोंब मारू नका.

टिपाड सुटलं तरी घराभोवती आणखी जागा आहेत. दाब कमी म्हणून गल्लीत अनेकांनी नळाशी खड्डा खणलाय, तोंड खाली नेलंय. पाणी गेलं की त्या खड्ड्यात वीतभर साचून राहतं, थेट पुढच्या पाळीपर्यंत. आम्ही पाणी गेल्यावर तो डब्यानं उपसतो आणि वर फरशीचा तुकडा टाकतो. फ्रिजच्या मागचा ट्रे वर्षात एकदाही कुणी बघत नाही, बघा. मनी प्लांटची बाटली, कुंडीखालची बशी, गच्चीवर उलट्या न ठेवलेल्या करवंट्या, चिमण्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं. चिमण्यांचं पाणी ठेवाच, फक्त रोज बदला आणि आतून बोट फिरवून कड पुसा.

दिवसाचे गेले, रात्रीचे आले

टिपाडाचा बंदोबस्त केला आणि महिन्याभरात दिवसाचे डास जवळपास संपले. मी खूश. कार्तिकात संध्याकाळी सात वाजले की मोठे, तपकिरी डास झुंडीनं यायला लागले. पुन्हा सगळी भांडी तपासली. कोरडी. मग गल्लीतल्या गटारीत जळकं ऑइल टाकलं. फरक नाही.

हा प्रश्न सुटला तो गच्चीवर. शौचालयाचा व्हेंट पाइप वर जातो ना, त्याचं तोंड आमच्याकडे उघडं होतं. कुणीतरी सुचवलं म्हणून एका संध्याकाळी त्या तोंडावर जुनी ओढणी बांधली. सकाळी सोडताना बघते तर ओढणीच्या आतल्या बाजूला डास चिकटलेले, मोजायची सोय नाही. सेप्टिक टँक म्हणजे यांची डास-गिरणी, आणि पाइप म्हणजे धुराडं. सूर्य मावळला की तिथून निघून आमच्याच वरच्या खोलीत उतरत होते.

ओढणी कायमची ठेवू नका, हवा कोंडते. नायलॉनची जाळी, दुहेरी, तारेनं आवळून बसवा. ऊन-पावसानं दोन वर्षांत जाळी फाटते, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत एकदा वर चढून बघायचं. टँकवरच्या फरशीच्या फटीसुद्धा सिमेंटनं बुजवल्या, कारण पाइप बंद झाला की ते तिथून वाट काढतात. पाच-सहा दिवसांत फरक पडला. गल्लीत तीन घरांचे पाइप अजून उघडे आहेत, त्यामुळे शून्य झाले असं म्हणणार नाही.

कूलर

तिसरी वेळ मार्चमधली. आपल्याकडे होळी झाली की ऊन चाळिशीकडे निघतं आणि माळ्यावरचा कूलर खाली येतो. कूलर लावला, पाणी भरलं, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा पांढऱ्या पट्ट्यांचे डास. तोपर्यंत मला अंड्यांचं गणित माहीत होतं, तरी डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. मागच्या सप्टेंबरात कूलर बंद केला तेव्हा टाकीत चार बोटं पाणी तसंच राहिलं होतं. ते आपोआप आटलं, कडेला अंडी राहिली, सहा महिने माळ्यावर झोपली, आणि मार्चात आपण पाणी घालून उठवली.

तेव्हा कूलर खाली काढल्यावर पहिलं पाणी भरण्याआधी टाकी आतून घासायची, गवताचे पॅड बदलायचे. जुने पॅड कचऱ्यात टाकायच्या आधी कडक उन्हात वाळवा. उन्हाळाभर दर दुसऱ्या पाळीला टाकी पूर्ण काढायची. पाणी टंचाईत हे जिवावर येतं, माहितीय; ते पाणी कुंड्यांना घाला. आणि बंद करताना ओलं ठेवायचं नाही.

लिक्विड, जाळ्या आणि बाकीचं

हे सगळं दुय्यम आहे, म्हणून थोडक्यात. लिक्विडचं यंत्र झोपताना उशाशी लावण्यापेक्षा संध्याकाळी सहाच्या सुमारास, डास आत यायच्या आधी, खिडकीच्या बाजूला लावलं तर जास्त उपयोग होतो. पंखा जोरात असेल आणि खिडक्या सताड उघड्या असतील तर वाफ बाहेर जाते आणि आपण म्हणतो लिक्विडमध्ये दम राहिला नाही. दम कधीकधी खरंच राहिलेला नसतो, एकाच जातीच्या औषधाला डास सरावतात. नुसता पंखासुद्धा कामाचा आहे, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. वीज गेली की त्याची चंगळ, तेव्हा मच्छरदाणी. गच्चीवर झोपताना मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचायच्या, नुसत्या सोडायच्या नाहीत.

बाजारात 'डास अगरबत्ती' म्हणून काड्या मिळतात, एका काडीत खोली साफ. पाकिटावर औषधाचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसेल तर हात लावू नका. घरात लहान बाळ किंवा दमेकरी असेल तर कॉइलही नको. आवाजानं डास पळवणारं यंत्र मी घेतलंय, भिंतीला छान दिसतं, डास त्यावरच बसतात.

खिडकीची जाळी घेताना दुकानदार ताणून दाखवतो, आपण भाव विचारतो. त्यापेक्षा चिमूटभर मोहरी घेऊन जा. खसखस पडली तरी चालेल, मोहरी अडकली पाहिजे. दीड मिलिमीटरपेक्षा मोठं छिद्र असेल तर डास अंग चोरून येतो. आणि खिडक्यांना हजारोंची जाळी लावून दाराखालची बोटभर फट ठेवली, तर पैसे पाण्यात. दाराखाली रबराची पट्टी ठोका, न्हाणीच्या मोरीवर जाळीचं झाकण ठेवा.

धुराची गाडी आली की लोकांना बरं वाटतं, मलाही वाटतं. पण तो धूर उडत्या डासालाच मारतो. टिपाडातल्या कोषांना त्याचा पत्ताही नसतो, ते दुसऱ्या दिवशी बाहेर येतात. साथ असेल तेव्हा धुराची गरज असते, आणि तेव्हा दारं-खिडक्या घट्ट लावून घेतल्या तर आतले डास वाचतात. अन्न झाकून ठेवा, दारं उघडी ठेवा आणि धूर बसेपर्यंत मुलांना, म्हाताऱ्यांना घेऊन लांब थांबा.

ताप आला तर

घरात कुणाला जोराचा ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, हाडं मोडल्यासारखी कणकण असेल तर मेडिकलमधून स्वतःच्या मनानं गोळ्या आणू नका. पॅरासिटामॉल चालतं, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, डेंगी असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. एनएस-वन ही तपासणी पहिल्या पाचेक दिवसांतच कामाची, नंतर वेगळी करतात, म्हणून डॉक्टरांना तापाचा पहिला दिवस नक्की कुठला ते सांगा. ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांकडे जास्त लक्ष ठेवायचं. पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काही दिसलं तर सरळ दवाखान्यात. आणि पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवा. आमच्या घरात हे मी केलं नाही आणि पुढं नवरा आजारी पडला.

शेजार

शेवटची अडचण माझ्या हातातली नाही. शेजारच्या अक्का म्हणायच्या, "आमच्यात डास-बिस काय नाहीत बघ, तुझ्याच घरातून येतेत." भांडण करण्यात अर्थ नव्हता. मी एका स्टीलच्या पेल्यात त्यांच्याच हौदातलं पाणी घेतलं, उन्हात धरलं आणि त्यांना चष्मा लावायला सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं बाई, हे तर नाचायलेत की." दुसऱ्या पाळीला त्यांनी हौद घासला, आणि आता गल्लीत पेला घेऊन त्याच फिरतात.

पलीकडचं घर मात्र कुलूपबंद आहे. मालक पुण्याला, गच्चीवरची टाकी बिनझाकणाची. फोन केला तर म्हणतात, गणपतीला येऊ तेव्हा बघू. गणपतीला अजून दीड महिना आहे, म्हणजे अकरा-बारा पाळ्या. त्यांना विचारून आम्ही आमच्या गच्चीवरून शिडी लावली आणि टाकीच्या तोंडावर साडी बांधून आलो. ट्यूबची पट्टी कमी पडली, म्हणून एका बाजूला सध्या सुतळी आहे. या बुधवारी पाणी येऊन गेलं की ती बदलायची आहे.